पाय हलतायत

“कडीला हात लावलास तर हात तोडून ठेवीन,” आप्पा म्हणाले आणि मला दंडाला धरून मधल्या दाराला पाठ टेकवून बसवलं. शेळी खुंटाला बांधतात ना, तसं.

दाराच्या आत माझी अव्वा. आमच्याकडं, सीमेवरच्या गावांत, आईला अव्वा म्हणतात. ती पोटुशी होती आणि त्या सकाळी सूर्याला ग्रहण लागणार होतं. पोटुशा बाईनं ग्रहणाचा उजेड अंगावर घ्यायचा नाही, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, अंगाला खाज सुटली तरी खाजवायचं नाही. पाय लांब करून उताणं पडायचं. वाकडं झोपलं तर पोर वाकडं, सुरी धरली तर पोराचा ओठ फाटका. खोलीच्या झरोक्यात आत्यानं पोतं कोंबलं होतं, दाराच्या फटीला गोधडी लावली होती. कडी माझ्या बाजूनं. मी नऊ वर्षांची. घरात मोठ्या माणसांनी मला दिलेलं पहिलं खरं काम ते, त्यामुळं मी अशी ताठ बसले होते की कुणी पोलीस म्हणूनच सलाम ठोकला असता.

माझ्या समोर परसदार सताड उघडं होतं. तिथून सगळं दिसत होतं. परसातला उकिरडा, त्यात आदल्या दिवशी खणलेला खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर आत्याच्या मांडीवर उघडीनागडी अंबू.

अंबू माझी धाकटी बहीण, चार वर्षांची. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, मुठी मिटलेल्याच असायच्या. चालणं सोडाच, बसवली तरी भिंतीवरून घसरत खाली यायची. बोलायची नाही. मला फक्त “भॅ” म्हणायची, भाग्यवंतीमधला भ. पण हसायला लागली की उचकी लागेपर्यंत हसायची आणि कशावर हसते ते आपल्याला कधीच कळायचं नाही. अव्वा तिला कडेवर घेऊन एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची, तिथल्या बाई तिचे पाय ताणून द्यायच्या, अव्वाला व्यायाम शिकवायच्या. आप्पा म्हणायचे, “पीठ मळल्यासारखं मळतात नुसतं. त्यानं पाय फुटतात व्हय?”

मग ग्रहणाच्या चार दिवस आधी चंद्रव्वा आत्या आली. आप्पांची थोरली बहीण, पलीकडं कर्नाटकात दिलेली. तिनंच सांगितलं, आमच्याकडं असल्या पोरांना ग्रहणात मानेपर्यंत मातीत पुरतात, ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत. ग्रहणानं वाकडं केलेलं ग्रहणच सरळ करतं.

कारण अंबू ग्रहणाचीच होती ना. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अंबू पोटात असताना अव्वानं ग्रहणात कांदा चिरला होता. आत्या हे बारशात सांगायची, लग्नात सांगायची, एकदा तर बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं. अव्वा खाली मान घालायची. मीही मनात म्हणायची, काय ही अव्वा, एक दिवस कांद्याशिवाय भाजी केली असती तर!

पुरायला मात्र अव्वा नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. म्हणून त्या सकाळी तिचा खालचा ओठ सुजून काळा पडला होता, आणि कडी बाहेरून होती.

“लागलं, लागलं!” आत्या आप्पांकडं बघून ओरडली. “गिराण लागलं! शिद्रामा, घे पोरीला.”

परसात पितळी परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं केलं होतं. कुणाचा आधार नाही, काही नाही, आपलं आपण उभं. ग्रहण आहे तोवर ते उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं आत्या म्हणाली होती. मला त्याचं एवढं नवल वाटत होतं की क्षणभर अंबूकडं बघायचंच राहिलं.

शेजारचे इरण्णा मामा, आप्पांचे जन्माचे दोस्त, खड्ड्यात उतरले होते. आप्पांनी अंबूला काखेत धरून त्यांच्याकडं दिलं. तिचे पाय नेहमीसारखे आडवे अडकले. खड्डा अरुंद.

“पाय सरळ कर की बे तिचे,” आप्पा म्हणाले.

“व्हईनात रे. ताठलेत.”

“जोर लाव.”

इरण्णा मामांनी जोर लावला. अंबू अशी किंचाळली की लिंबावरचे कावळे उडाले.

दाराच्या आतून आवाज आला, “भाग्या! काय करलालेत?”

“तू बोलू नकोस, अव्वा. उताणी पड.”

“पडलेय. काय करलालेत सांग.”

“खड्ड्यात उतरवलं. इरण्णा मामा वर आले. माती लोटलालेत.”

“कुठपतूर आली माती?”

“कमरेला. आता पोटाला.”

“छाती मोकळी ठेवा म्हणावं. तिला दम पुरत न्हाई.”

मी बसल्या जागेवरून बोंबलले, “अव्वा म्हणती, छाती मोकळी ठेवा!”

“तिला म्हणावं, गप पड!” आत्यानं तिथूनच हाणलं. “लई अक्कल असती तर कांद्याला हात लावली नसती. आता आमाला शिकवलालीय!”

माती छातीवर आली, खांद्यावर आली. ती साधी माती नव्हती, मुरलेलं शेणखत होतं, डिसेंबरातलं, गारढोण. आप्पा पायांनी कडेची माती दाबायला लागले, कुंपणाचा खांब पुरताना दाबतात तशी. धप्, धप्. मधे अंबूचं डोकं. तोंडाचं भोकाड, नाकातून शेंबूड, आणि मधूनच “भॅ”.

मला हाक मारत होती ती. मी उठले नाही. मला काम दिलेलं होतं.

हळूहळू ऊन असं झालं की जणू कुणी त्यातलं पिवळं काढून घेतलं. सकाळच होती, पण कोंबड्या टोपलीखाली जाऊन बसल्या. लिंबाच्या सावलीतले उजेडाचे ठिपके गोल असायचे ते सगळे कोयत्यासारखे झाले, जमिनीवर शेकडो बारीक कोयते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अंबू रडत होती आणि आत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत गाणं म्हणत होती. खरं सांगते, आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मनापासून वाटत होतं की पोरगी उठून चालेल. येताना तिनं अंबूसाठी पैंजण आणले होते.

मग अंबूचा आवाज थांबला.

आणि तिच्याभोवतीची माती हलली.

आधी मला भास वाटला. पण परत हलली. थरथर, थरथर. आप्पांनी दाबून बसवलेल्या मातीला भेग गेली.

“शिद्रामा!” आत्या किंचाळली. “बघ, बघ की रे! माती हाललालीय! पाय मारलालीय पोरगी आत!”

आप्पा गुडघ्यावर बसले. त्यांनी मातीवर पंजा ठेवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. “व्हय गं आक्का! पाय मारलालीय! इरण्णा, हात लावून बघ!”

इरण्णा मामांनी हात लावला. “आयला!” म्हणाले.

मी तर उभी राहून नाचायलाच लागले. “अव्वा! अव्वा! अंबूचे पाय हलतायत! गुण आला! माती हलायला लागली!”

दाराआड काहीच आवाज नाही. मला वाटलं, आनंदानं रडत असेल.

“भाग्या,” अव्वा म्हणाली. आवाज अगदी दाराला चिकटून आला, म्हणजे ती उठली होती. “अंबू रडायची का थांबली?”

“पाय आले ना तिला! कशाला रडेल?”

“तिचं तोंड बघ. डोळे कुठं हायत?”

मी बघितलं. “वर.”

“वर म्हंजे? आभाळाकडं?”

“न्हाई… पांढरे झालेत. बुब्बुळ दिसंना.”

“तोंडातनं फेस?”

मी डोळे बारीक केले. अंबूच्या हनुवटीवर काहीतरी पांढरं होतं आणि ते खाली मातीत उतरत होतं. दात आवळलेले. डोकं एकाच बाजूला झटके देत होतं, कोंबडीचं देतं तसं, कापल्यावर.

“हाय,” मी म्हणाले.

“कडी काढ.”

“अव्वा…”

“भाग्या, कडी काढ. ते पाय न्हाईत. ते फेफरं हाय. दवाखान्यात असंच आलतं तिला. आडवी केली न्हाई तर जीभ घशात जाती. छातीवर माती हाय तिच्या. कडी काढ!”

मी परसाकडं तोंड करून ओरडले, “आप्पा! अव्वा म्हणती, फेफरं हाय! बाहेर काढा म्हणती!”

“काढायचं न्हाई!” आत्या म्हणाली. “अर्ध्यात काढलं की उलटतं. गुण येताना असंच झटकं येतंय. तिला म्हणावं, पोटातल्याकडं बघ!”

तिथंच तर माझा पाय अडकला होता. पोटातलं. मी दाराकडं वळले. कडी माझ्या नाकासमोर. ती काढली तर अव्वा बाहेर येणार, ग्रहण तिच्यावर पडणार आणि आतलं बाळही अंबूसारखं होणार. ओठ फाटका, पाय कात्री. आणि ते माझ्यामुळं. नाही काढली तर… समोर अंबूचे ओठ निळे व्हायला लागले होते. नऊ वर्षांच्या पोरीला हे असलं गणित कुणी घालू नये.

“बाळाचं काय होईल गं, अव्वा?” मी रडत विचारलं.

“जसं होईल तसं आपलंच हाय,” अव्वा म्हणाली. “हीबी आपलीच हाय.”

मी कडी काढली.

अव्वा वाऱ्यासारखी माझ्या अंगावरून गेली. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. परसदाराच्या उंबऱ्यावर एक क्षण थांबली, म्हणजे मला तसं वाटलं, आणि त्या मेलेल्या उजेडात उतरली. आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “गं बाई गं! बाहेर आली! पोट झाक गं, पोट झाक!”

आप्पा मधे आले. त्यांनी पहिली थप्पड मारली ती अव्वाच्या सुजलेल्या ओठावर. ओठ फुटला. अव्वा डगमगली पण चालायची थांबली नाही, म्हणून त्यांनी तिचे केस मुठीत धरले, हाताला वेढा दिला आणि तिला घराकडं ओढायला लागले. ती जमिनीवर पडली. तरी तिचा एक हात खड्ड्याकडं लांब, बोटं मातीत रुतवलेली.

“आत हो! आत हो म्हणतो ना! एक वाटोळं केलीस ते पुरलं न्हाई?”

“सोडा! पोरगी मरती! सोडा!”

मी आप्पांच्या मनगटाला चावले. कडकडून. रक्ताची चव आली तोंडात. त्यांनी मला झटकलं तशी मी परातीवर जाऊन पडले. पाणी सांडलं, मुसळ कलंडलं.

“मुसळ पडलं!” आत्या ओरडली. “गिराण असताना मुसळ पडलं!”

आप्पांनी पाय मागं घेतला होता. अव्वाच्या पोटावर नेम धरलेला तो पाय मी बघितला. मी मुसळ उचललं. ते मला एरवी कांडतानासुद्धा पेलायचं नाही. खाली वसवी, म्हणजे लोखंडाचं कडं, होती त्याला. कसं उचललं ते माझं मलाच ठाऊक नाही. आडवं फिरवलं आणि आप्पांच्या दुसऱ्या पायाच्या नडगीवर घातलं. ज्यावर ते उभे होते, त्या.

कट्ट असा आवाज झाला. सुकी काटकी मोडते तसा. आप्पा बसले, मग आडवे झाले, आणि मग ओरडायला लागले.

अव्वा सरपटत खड्ड्यापाशी पोचली होती. दोन्ही हातांनी माती उकरत होती. आप्पांनीच दाबून दाबून घट्ट केलेली माती. तिची नखं मोडत होती. इरण्णा मामा फावडं हातात धरून नुसते उभे, एकदा आप्पांकडं बघत, एकदा तिच्याकडं.

“इरण्णा, काढू नको!” आप्पा पडल्या पडल्या ओरडले. “अर्ध्यात काढशील तर ह्या कांदेचिरीचं पाप तुझ्या डोक्यावर!”

अव्वा उकरायची थांबली नाही. मान फक्त वळवली. आणि जन्मात पहिल्यांदा तिनं आप्पांना अरे-तुरे केलं.

“कुठला कांदा रे? तवा गिराण कधी होतं?”

आप्पांनी मान फिरवली.

“सातवा महिना होता. बाळंतपणाला माहेरी जाते म्हणाले, तर पोटात लाथ घातलास. आत्तासारखीच. त्याच रात्री कळा सुटल्या, पोरगी निळी जन्मली, रडलीसुदीक न्हाई. आणि सकाळी तू आक्काला सांगितलास, हिनं गिराणात कांदा चिरला.” ती बोलत होती आणि माती मागं फेकत होती. “मी गप्प बसले. लाथेचं पोर म्हणण्यापरीस गिराणाचं पोर म्हणू देत लोक, म्हणून गप्प बसले. माझ्या लेकीला बापानं मोडली हे तिला कधी कळू नये म्हणून.”



आत्यानं तोंडावरचे हात काढले. “शिद्रामा,” ती हळू म्हणाली, “खरं का रे?”

आप्पांनी नडगी धरली होती. ते म्हणाले, “पाय मोडला गं आक्का माझा.”

“मी काय विचारले? खरं का?”

आप्पा लिंबाकडं बघायला लागले.

आत्या उठली. खड्ड्यापाशी जाऊन तिनं इरण्णा मामांच्या हातातलं फावडं हिसकलं, पण फावड्यानं अंबूला लागेल म्हणून लगेच टाकून दिलं आणि हातांनीच उकरायला लागली. गोंदलेले, सुरकुतलेले हात. मग इरण्णा मामाही गुडघ्यावर आले. मी आले. चौघांनी चारी बाजूंनी माती उपसली. अंबूचे खांदे निघाले, छाती निघाली. अव्वानं काखेत हात घालून तिला ओढलं. ती बाहेर आली ती ओल्या पोत्यासारखी. झटके थांबले होते. सगळंच थांबलं होतं.

अव्वानं तिला कुशीवर केलं. दातांमधे बोट घातलं, शेण काढलं, फेस काढला, परत बोट घातलं. पाठीवर चापट मारली. एक. आणखी एक. “अंबू. अंबू गं. ए बाय.”

काही नाही.

“अंबू!” मी तिच्या कानात किंचाळले. “भॅ आली बघ, भॅ!”

अंबूनं अव्वाचं बोट चावलं. अव्वाच्या बोटातून रक्त आलं आणि अंबूच्या घशातून असा आवाज आला जसा हापशाला पाणी यायच्या आधी येतो. मग तिनं श्वास घेतला. मग ओकली. मग रडायला लागली, आणि अव्वा तिच्यावर वाकून मोठमोठ्यांदा हसायला लागली. फुटलेल्या ओठानं, रक्ताच्या दातांनी. मला तिची भीती वाटली, एवढी ती हसत होती.

बाळाचं विचाराल तर चैतात भाऊ झाला. गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया बघायला आल्या; तोंडानं “किती गोड” म्हणत आणि बोटानं त्याचा ओठ उचलून टाळू तपासत. पाय मोजले, बोटं मोजली. सगळं जागच्या जागी. आता सहा वर्षांचा आहे, गोळ्या खाऊन पुढचे दात किडलेत, तेवढंच काय ते वाकडं. आत्याला विचारलं तर सांगते, अव्वा ग्रहण बघत नव्हतीच, पोरीकडं बघत होती, म्हणून लागलं नाही. म्हणू दे. अंबू चालत नाही. चालणारही नाही, असं दवाखान्यातल्या बाईंनी अव्वाला तोंडावर सांगितलंय. पण आता ती चाकाच्या खुर्चीत बसते, फेफऱ्याच्या गोळ्या घेते, आणि मी यंदा दहावीला आहे तर माझा अभ्यास चालू असताना नेमकं काहीतरी आठवून उचकी लागेपर्यंत हसते.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळचं शेवटचं सांगायचं राहिलंच.

अव्वानं अंबूला पदरात गुंडाळून पोटाशी धरलं होतं आणि ती तिथंच, उघड्यावर, सूर्याकडं तोंड करून बसली होती. उजेड अजून राखेसारखाच. आत जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. आप्पा कण्हत होते. “अरे, कुणीतरी उचला की मला. इरण्णा! आक्का! पाय वाकडा झालाय बघा. आता मी चालू कसा? पांगळा झालो की गं मी!”

आत्यानं हातांची माती लुगड्याला पुसली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. एकदा खड्ड्यात बघितलं, एकदा वर, सूर्याकडं, आणि मग आपल्या धाकट्या भावाकडं.

“शिद्रामा,” ती म्हणाली, “खड्डा उघडाच हाय. गिराण सुटायलाबी अजून वेळ हाय. ये, बस.”

मला वाटलं, ती चेष्टा करते आहे. मी हसणार होते. पण आत्या हसत नव्हती, आणि इरण्णा मामांनी खाली वाकून फावडं उचललं होतं.

आप्पा दोन्ही हातांनी जमीन ढकलत, मोडका पाय ओढत, बसल्या बसल्या मागं मागं सरकायला लागले.